न्यायाधीशाचा उजवा कान

६ मार्च १९५०, सोमवार

सकाळी न्हाव्याकडे गेलो होतो. शेजारच्या खुर्चीतला माणूस आरशातून माझ्याकडे टक लावून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. म्हणाला, "तुम्ही आमच्या आत्याच्या मयताला आला होतात ना? फार छान बोललात हो."

मी म्हटलं, "बाईंनी फार सोसलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं काय सांगणार? अठ्ठावीस वर्षांत एकशे त्रेसष्ट चित्रपट केले. पाद्री झालो, शेरीफ झालो, हॉटेलातला कारकून झालो, सात वेळा घोड्यावरून पडून मेलो आणि एकदा स्वतःच्या बायकोनं विष घातल्यामुळे. सगळ्या अमेरिकेला माझा चेहरा ठाऊक आहे. हॉरेस पीबल्स हे नाव मात्र आमच्या पोस्टमनला आणि माझ्या बायकोला, लिओटाला. त्यात पोस्टमन नवीन आहे.

घरी आलो तर लिओटा दारातच उभी. मॉरीचा फोन. मॉरी फिंक माझी कामं बघतो, म्हणजे सहसा बघत नाही. फोन उजव्या कानाला लावला. तो ओरडत होता.

"हॉरेस, बसलायस का?"

"उभा आहे."

"मग बस. न्यायाधीश! अख्खा चित्रपट खटल्याचा आहे आणि न्यायाधीश पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत आहे. शेवटचं भाषण अडीच पानांचं. दिग्दर्शक सांडोरनं तुला मागितलंय."

मी खरंच बसलो. अडीच पानं! आजवरचं माझं सर्वात मोठं वाक्य 'घोडे तयार आहेत, साहेब, पण पूल वाहून गेलाय' हे होतं. लिओटानं मला धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. एकोणतीस वर्षांपूर्वी तंबूच्या नाटकात आम्ही जोडीनं नाचायचो, ते पाय अजून विसरलेले नाहीत.

म्हणून ही वही. एवढं मोठं काम होतंय तर लिहून ठेवावं. शिवाय एक गोष्ट कुठंतरी बोलायला हवी, ती इथं बोलतो. माझा डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली. उजव्यातही अर्धंच येतं. हे जगात कुणालाही माहीत नाही, लिओटालासुद्धा नाही. काल तिनं लोणी मागितलं आणि मी पाणी दिलं. ती काही न बोलता प्यायली. तहान लागली असावी.

१३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. कोर्टाचा सेट असा उभारलाय की टोपी आपोआप हातात येते. माझं मेज तीन पायऱ्या उंच, समोरून लाकडानं बंद.

नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या विधवेचं काम मार्गो डनलीव्ही करते आहे. या बाईबद्दल पुष्कळ ऐकून होतो. मागच्या चित्रपटात म्हणे तिनं नायकाच्या अंगावर कॉफी ओतली होती. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ठीक आहे, मीही नुसती हलवली.

माझी युक्ती अशी: सगळ्यांचीच वाक्यं पाठ करायची आणि ओठांवर नजर ठेवायची. घरी आरशासमोर उत्तम जमत होतं. पण तिथं माणसं पाठमोरी होतात, रुमाल तोंडाशी धरतात, आणि आमच्या सरकारी वकिलाला तर झुपकेदार मिशी आहे. मिशीआडचं काय वाचणार, कपाळ! दोनदा चुकलो. दोन्ही वेळा विचारमग्न झाल्याचं सोंग केलं.

झोल्टान सांडोर बुडापेस्टचा. त्याचं इंग्रजी दगड भरलेल्या डब्यासारखं खडखडतं. ओरडला, "न्यायाधीशाला झोप लागली काय?"

सगळे हसले. मीही हसलो. काय म्हणाला ते मला नंतर प्लंकेटनं सांगितलं. प्लंकेट साऊंडवाला, माझा जुना दोस्त. कानाला चकत्या लावून बसतो आणि माशी शिंकली तरी ऐकतो. "तू हल्ली जरा मोठ्यानं बोलतोस रे," म्हणाला. मी म्हटलं, न्यायाधीश आहे, दबदबा नको?

१४ मार्च

आज तीनदा चुकलो. सांडोर ओरडला नाही. नुसता बघत राहिला, ते जास्त वाईट.

आमच्यातल्या वॉल्डो ग्रिग्ज या नटाची आठवण येते. ओळी विसरायला लागला आणि एका शुक्रवारी फाटकावरच्या शिपायानं त्याला आत सोडलं नाही. इतकंच. निरोप नाही, हस्तांदोलन नाही. आता रिसीडात गुलाबाची कलमं विकतो. त्याच्या हातून गुलाब सुंदर येतात, पण मला गुलाब लावायचे नाहीत. मला न्यायाधीश व्हायचंय.

१५ मार्च

दुपारी लिओटा अचानक सेटवर! लिंबाचा केक घेऊन आली होती. अठ्ठावीस वर्षांत कधी आली नाही. "सगळ्यांना वाटते," म्हणाली आणि वाटत वाटत थेट मार्गो डनलीव्हीच्या खोलीत शिरली. मी घाबरलो. कॉफी डोळ्यांपुढे आली. तासभर दार बंद. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल.

घरी येताना विचारलं, "एवढं काय बोलत होतात?"

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हल्ली हिला अशी सवय लागलीय, काहीही बोलायचं तर समोर येते, माझ्या तोंडाकडे बघते, मगच बोलते. या वयात प्रेम असं उतू जातं म्हणायचं.

"केकची कृती विचारत होती," म्हणाली.

"त्यात रडण्यासारखं काय?"

"लिंबं आंबट होती."

१६ मार्च

आज एक नवल झालं. साक्षीदाराचा पिंजरा माझ्या डावीकडे होता. सांडोर सकाळी आला, आणि म्हणाला, "उखडा! उजवीकडे लावा!" सुतारांचा अर्धा दिवस त्यात गेला. निर्मात्याचा माणूस हातवारे करत होता, सांडोर त्याला हंगेरियनमध्ये काहीतरी सुनावत होता.

कारण माझ्या ध्यानात आलं. पिंजरा उजवीकडे म्हणजे कॅमेराही उजवीकडे, म्हणजे त्याला सारखा माझा उजवा गाल दिसणार. आजवर मला डावीकडूनच टिपत आले. अठ्ठावीस वर्षांत या एका परदेशी माणसाला माझी उजवी बाजू चांगली आहे हे कळलं! घरी जाऊन आरशात नीट पाहिली. नाकाची ठेवण खरंच उजवीकडून जास्त भारदस्त आहे. लिओटाला दाखवली. तिनंही मान्य केलं, पण मग उशीत तोंड खुपसून बराच वेळ हसत होती.

आज एकदाही चुकलो नाही.

२० मार्च

न्यायाधीशाच्या खोलीतलं दृश्य. मी, मार्गो आणि मिशीवाला वकील. या बाईला एक वाईट खोड आहे. माझं वाक्य आलं की टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवते. पहिल्यांदा वाटलं चुकून. पण दर वाक्याला! बरं, तोंडावर काही नाही, चेहरा अगदी दुःखी विधवेचा. तक्रार कुणाकडे करायची? 'नायिका माझ्या पायावर पाय देते' म्हटलं तर सगळे माझंच अभिनंदन करतील.

वकिलानं मिशी कापलीय. विचारलं, "अहो, काय झालं?" म्हणाला, "सांडोर म्हणाला, मिशी जास्त अभिनय करते."

तेही खरंच होतं.

२४ मार्च, शुक्रवार

ही तर कमालच. मार्गोचं सर्वात मोठं दृश्य होतं आज, नवरा कसा मेला ते ती सांगते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, दिवे तिच्या चेहऱ्यावर. आणि ही बाई गर्रकन माझ्याकडे वळली! कॅमेऱ्याला नुसता अंबाडा.

सांडोर: "मार्गो! तोंड इकडे!"

मार्गो: "मी न्यायाधीशाला सांगतेय. भिंतीला नाही."

"लोक तुझा चेहरा बघायला पैसे देतात!"

"मग त्याचा चेहरा बघू दे त्यांना. माझं ऐकताना तो कसा दिसतो ते बघितलंयस? बघ एकदा. मग बोल."

सांडोरनं कॅमेऱ्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि दिवेसुद्धा.

नायिका स्वतःहून कॅमेऱ्याकडे पाठ करते हे मी बापजन्मात पाहिलं नव्हतं. बहुतेक हनुवटीवर पुटकुळी आली असावी. पण कसलं काम केलं तिनं! एकेक शब्द स्वच्छ, ओठांवर ठेवून माझ्या हातात दिल्यासारखा. मी न्यायाधीश आहे, खुनाचा खटला चालू आहे, सगळं विसरून नुसता ऐकत बसलो. माझं वाक्य आलं तेही कळलं नाही. पाय द्यायला ती जवळ नव्हती, तिनं नुसत्या भुवया उचलल्या.

'कट' झाल्यावर म्हणालो, "बाई, पुटकुळीवर आमची लिओटा कोरफड लावते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली की मेकअपवालीला पुन्हा बोलवावं लागलं. या बाईनं कॉफी ओतली यावर आता माझा विश्वास नाही. ओतली असेल तर तो नायक त्या लायकीचा असणार.

३ एप्रिल, सोमवार

परवा शेवटचं दृश्य. तीन आठवडे मजेत गेले. सकाळी शीळ घालत जायचो (सूर लागतो की नाही देव जाणे). पण परवाचं कागदावर असं आहे: न्यायाधीश मान खाली घालून लिहितो आहे. कोर्ट स्तब्ध. मागच्या दारावर निकाल ठरवून आलेल्या पंचांची, ज्यूरीची, थाप पडते. न्यायाधीश सावकाश मान वर करतो.

मान खाली, त्यामुळे ओठ नाहीत. थाप चाळीस फुटांवर. मार्गो त्या तुकड्यात नाहीच, कॅमेरा फक्त माझ्यावर. आणि स्टुडिओचे मोठे साहेब स्वतः बघायला येणार आहेत. वॉल्डोला काढलं तेही त्यांनीच.

लिओटाला सांगावं असं दोनदा मनात आलं. ती समोर येऊन उभी राहिली, तोंडाकडे बघत. मी म्हटलं, "सूप छान झालंय." ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "मीठ जरा कमी." ती गेली.

५ एप्रिल, बुधवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

मोठे साहेब सकाळी दहाला आले. राखी टोपी, काठी. बसले नाहीत, उभेच.

पहिला टेक. मान खाली घालून मी लिहायला लागलो. कागदावर 'लिओटा लिओटा' लिहीत होतो. मनात दहापर्यंत मोजून मान वर करायची असं ठरवलं होतं. दहा झाले, मान वर केली. दारवाल्याचा हात अजून हवेतच!

"कट!" सांडोर ओरडला. पण माझ्यावर नाही, दारवाल्यावर. "थाप उशिरा! झोपलास काय?"

दारवाल्याची काहीच चूक नव्हती. तो बिचारा म्हणाला, "माझंच चुकलं, साहेब."

दुसरा टेक. या वेळी वीस मोजले. मान वर केली तर समोर सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. थाप केव्हाच पडून गेली होती.

प्लंकेट उठून उभा राहिला. "माफ करा, माझी चूक. माईक खरखरला."

त्याचा माईक! वीस वर्षांत त्याचा माईक कधी खरखरलेला नाही. मोठ्या साहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. सगळी माणसं माझ्यासाठी दैवाचे फटके खातायत असं वाटलं. योगायोगाला तरी किती ताणायचं? मी पेन खाली ठेवलं. ठरवलं, आता उतरायचं, साहेबांसमोर जायचं, सांगायचं: मला ऐकू येत नाही. मग रिसीडा, गुलाब, जे काय असेल ते.

पहिली पायरी उतरलो तेवढ्यात मार्गो आली. तिचं आज काम नव्हतं, तरी काळ्या पोशाखात सकाळपासून बसली होती. म्हणाली, "मि. पीबल्स, जागेवर बसा. माझं डूल पडलंय तुमच्या मेजाखाली, मी तेवढं शोधते."

"बाई, मला साहेबांना काही सांगायचंय."

"नंतर सांगा. आधी डूल."

मेजाच्या मागून वाकली आणि आत गेली. मी बसलो. ती बाहेर येईना. सांडोर म्हणाला, "तयार!" मी हातानं खुणावलं, की थांब, खाली बाई आहे. त्यानं लक्षच दिलं नाही. "चालू!"

काय करणार? मान खाली घातली. डोक्यात नुसता घोळ: खाली नायिका रांगतेय, वर मी गुन्हेगारासारखा बसलोय, मोजायचंही विसरलो. आणि एकाएकी कुणीतरी माझा घोटा गच्च धरून दाबला.

माझी मान वर झाली. सावकाश नाही, पण इतकीही घाईत नाही. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. पिंजरा कळला, बूट कळला, मिशी कळली, कॅमेऱ्याकडची पाठ कळली. लोण्याच्या जागी प्यायलेलं पाणीसुद्धा कळलं. समोर कॅमेऱ्यामागे चाळीस माणसं उभी होती, दिवेवाले, सुतार, दारवाला, प्लंकेट. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसे घरचे लोक पहिल्यांदा चालणाऱ्या पोराकडे बघतात.

त्यांच्याकडे बघूनच मी भाषण केलं. "या गावानं नऊ दिवस या बाईबद्दल ऐकलं. या बाईचं ऐकायला आपल्याला नऊ दिवस लागले." असं सुरू होतं ते. अडीच पानं. एक शब्द चुकलो नाही. आवाज मोठा होता की लहान, मला माहीत नाही. कधी नव्हे ते त्याची पर्वाही वाटली नाही.

'कट' मी ऐकला नाही, पाहिला. सांडोरनं टोपी वर फेकली. मग टाळ्या. टाळ्या मला ऐकू आल्या, एवढ्या होत्या.

मार्गो मेजाखालून बाहेर आली. केसांत भुसा, गुडघे पांढरे. मोठे साहेब पुढे झाले. "मिस डनलीव्ही, तुम्ही तिथं काय करत होतात?"

"डूल शोधत होते."

साहेबांनी तिच्या कानांकडे पाहिलं. विधवेच्या वेशात डुलं नव्हतीच, एकही नाही. "सापडलं?"

"सापडलं," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन, वाकून, स्वच्छ शब्दांत म्हणाले, "भाषण चांगलं झालं, पीबल्स." आणि काठी टेकत गेले.

मी सांडोरला विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"लिंबाच्या केकपासून."

"मग काढलं का नाहीस?"

"पीबल्स, मला इंग्रजी निम्मंच समजतं. मला काढलं का कुणी?"

मी हळूच विचारलं, "आणि माझी उजवी बाजू?"

तो क्षणभर थांबला. "उत्तम आहे," म्हणाला. सभ्य माणूस आहे.

६ एप्रिल

काल घरी आलो तेव्हा लिओटा पायरीवर वाटाणे सोलत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "लिओटा, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

ती म्हणाली, "बाई बाई! कधीपासून?"

मग दोघंही इतकं हसलो की वाटाणे अंगणभर झाले. मग ती रडली. म्हणाली, "दोन वर्षं वाट बघतेय मी, तू सांगशील म्हणून. शेजारच्या खोलीतून तुला हाक मारायची मला चोरी झाली होती रे."

मी खाली बसून वाटाणे वेचले.

२० मे

यंत्र आणलं. डबी खिशात, तार कानात. डॉक्टरनं कळ फिरवली आणि जग अंगावर आलं. पंखा, कागद, डॉक्टरचा दमा. घरी आल्यावर लिओटा परसात कपडे वाळत घालताना गाणं म्हणत होती. दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. बेसूर गाते. पूर्वीही बेसूरच गायची. खिडकीशी बसून पाचही कडवी ऐकली, मग जाऊन म्हटलं, "पुन्हा म्हण."

९ ऑक्टोबर, सोमवार

चित्रपट लागून आठवडा झाला. वर्तमानपत्रात मार्गोची वाहवा आहे, तिला मिळायलाच हवी. तिनं रात्रीच तार केली: 'तुमचं पुटकुळीचं औषध पाठवा. पुढच्या चित्रपटात फार बडबडा नायक आहे.'

आज मॉरीचा फोन आला.

"हॉरेस, बसलायस का?"

"बसलोय."

"मोठं काम आहे. आजोबाचं. घरातला ठार बहिरा म्हातारा, ज्याला सगळे फसवायला बघतात. पण दिग्दर्शक जरा का कू करतोय."

"का रे?"

"त्यानं तुझा न्यायाधीश पाहिला. म्हणतो, या माणसासारखं जिवाचे कान करून ऐकणारा नट मी पडद्यावर पाहिला नाही. ह्याला बहिरा जमेल का? प्रामाणिकपणे सांग हं, हॉरेस. जमेल?"

समोर लिओटा उभी होती. तिनं मॉरीचा प्रत्येक शब्द ऐकला होता, तो बोलतोच तसा. तिनं स्वयंपाकाच्या एप्रनची कड तोंडात कोंबली होती आणि तिचे खांदे गदगदत होते.

मी जरा थांबलो. नटानं लगेच हो म्हणू नये.

"अवघड आहे, मॉरी," मी म्हटलं. "पण त्यांना सांग, अभ्यास करीन."